आण्णांच्या छातीत पाणी, टीबी म्हणता म्हणता मेसोथेलिओमा निघाला. सांगली-मिरजेकडं कुणाला अनुभव आहे का?

वारणाकाठची:
नमस्कार, जरा मोठं लिहितेय. माझे वडील, आम्ही आण्णा म्हणतो, वय ७१. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात बॉयलर हाऊसला फिटर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात उजव्या कुशीत दुखायला लागलं, जिना चढला की धाप. एक्सरेत छातीत पाणी दिसलं. सुईनं काढून तपासलं त्यात काही आलं नाही, मग टीबीच असणार म्हणून टीबीच्या गोळ्या चालू केल्या. गोळ्या घेतायत तरी पाणी परत भरतंय, वजन उतरतंय, भाकरी अर्धी पण जात नाही. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी मिरजेला पाठवलं, तिथं दुर्बीण घालून तुकडा काढला आणि रिपोर्ट आला मॅलिग्नंट मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, एपिथेलिऑइड टाइपचा.

तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला की काम काय करत होता, अ‍ॅसबेस्टॉसशी, म्हणजे उष्णता अडवायला वापरतात त्या तंतूंच्या खनिजाशी, संबंध आला का. तोपर्यंत हे कुणीच विचारलं नव्हतं हो. आण्णा म्हणाले आला की, ऑफ सीझनला बॉयलरच्या पायपांवरचं जुनं लॅगिंग, म्हणजे उष्णता आत ठेवणारा थर, फोडायचं, नवी पावडर पाण्यात कालवून हातानं थापायची, वर दोर गुंडाळायचा, संध्याकाळी अंग नुसतं पांढरं व्हायचं. तोंडाला टॉवेल बांधायचे तेवढंच.

आता पाहुणे म्हणतात बिडीमुळं झालं. हे खरं का? ऑपरेशन करून काढता येतं का? आईनं त्यांचे ते कपडे वर्षानुवर्षं हातानं धुतलेत, तिला आणि आम्हा भावंडांना धोका आहे का? आणि आण्णांना अजून कॅन्सर हा शब्द सांगितलेला नाही, सांगावं का?

डॉ_मिरज:
ताई, मी छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे. पेशंट न बघता औषध सांगणार नाही, पण तुमचे प्रश्न नेमके आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बिडी. मेसोथेलिओमा बिडी-सिगारेटनं होत नाही, हे पाहुण्यांना ठामपणे सांगा. अ‍ॅसबेस्टॉसमध्ये काम केलेल्या माणसानं बिडी ओढली तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटींनी वाढतो हे खरं, पण तो वेगळा आजार. आण्णांना झालाय तो फुफ्फुसाच्या बाहेरच्या आवरणाचा, आणि त्याचं मुख्य कारण अ‍ॅसबेस्टॉसच. त्याचे तंतू डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक असतात, श्वासातून खोल जातात आणि कुसळासारखे रुतून बसतात. शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशींना ते गिळता येत नाहीत, तिथं वर्षानुवर्षं दाह चालू राहतो आणि त्यातून पेशींचं नुकसान होत जातं. तंतू आत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण २० ते ५० वर्षं जातात, त्यामुळं तरुणपणीचं काम आणि सत्तरीतला आजार यांचा संबंध कुणाच्या डोक्यातच येत नाही.

हे लक्षात यायला जगालाही वेळ लागला. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निळ्या अ‍ॅसबेस्टॉसच्या खाणींच्या भागातले ३३ पेशंट मांडले, त्यातले बरेच जण खाणीत कामाला नव्हतेच, नुसते त्या भागात लहानाचे मोठे झालेले. मग १९६५ साली लंडनच्या पेशंटांचा अभ्यास आला, त्यात अ‍ॅसबेस्टॉस कामगारांचे घरचे लोक होते, मुख्यतः कपडे धुणाऱ्या बायका. म्हणून आईबद्दलची तुमची शंका अगदी रास्त आहे. धोका असतो, पण कामगाराच्या मानानं बराच कमी, आणि घरच्या बहुतेकांना हा आजार होत नाही. तिला काही त्रास नसेल तर दरवर्षी सीटी काढून फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही. फक्त धाप, एका बाजूला दुखणं, उगाच वजन घटणं असं काही झालं तर कुठल्याही डॉक्टरकडं गेलात तरी पहिलं वाक्य हे सांगा की घरात अ‍ॅसबेस्टॉसची धूळ यायची. तुम्हा भावंडांचंही तेच. काही मोजक्या घराण्यांत बॅप१ नावाच्या जीनमधला दोष पिढीजात असतो, २०११ साली ते सापडलं, पण घरात आणखी कुणाला मेसोथेलिओमा किंवा डोळ्याचा, किडनीचा कॅन्सर नसेल तर त्याच्या मागं लागायची गरज दिसत नाही.

टीबीबद्दल. आपल्याकडं छातीत पाणी म्हणजे आधी टीबीचा संशय येणारच आणि पुष्कळदा तो खरा निघतो. पण मेसोथेलिओमात नुसत्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी बऱ्याच वेळा सापडत नाहीत, आणि पाण्यातलं एडीए (टीबीच्या संशयात तपासतात ते एन्झाइम) वाढलेलं असलं तरी तेवढ्यावर टीबी पक्का होत नाही. पाणी परत परत भरतंय, गोळ्यांनी फरक नाही आणि माणूस बॉयलरवर काम केलेला, एवढं जुळलं की आवरणाचा तुकडा काढलाच पाहिजे. हे इथं वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय.

आता उपचार. रिपोर्टमध्ये काढलेल्या तुकड्यावर कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी१ वगैरे खुणांच्या तपासण्या केल्यात का बघा, कारण फुफ्फुसाचा साधा कॅन्सर कधी कधी हुबेहूब असाच दिसतो आणि औषधं बदलतात. शंका असेल तर ब्लॉक (मेणात बसवलेला तो तुकडा) आणि स्लाइड मागून घ्या आणि टाटा मेमोरियलला दुसरं मत घ्या. ब्लॉक मागणं हा तुमचा हक्क आहे, त्यात संकोच नको.

ऑपरेशनबद्दल स्पष्ट लिहितो. मार्स २ नावाची ब्रिटनमधली चाचणी २०२४ मध्ये छापून आली, ३३५ पेशंट, निम्म्यांना केमो आणि आवरण काढायचं मोठं ऑपरेशन, निम्म्यांना नुसती केमो. ऑपरेशनवाल्यांचं मधलं आयुष्य १९.३ महिने आणि नुसत्या केमोवाल्यांचं २४.८. वर ऑपरेशनवाल्यांना गंभीर त्रासही जास्त. मधलं म्हणजे निम्मे लोक त्याच्यापुढं जातात, तेव्हा हा आकडा म्हणजे आण्णांची मुदत असं धरू नका. पण ७१ व्या वर्षी कुणी मोठ्या ऑपरेशनचा आग्रह धरला तर या चाचणीबद्दल जरूर विचारा.

केमोत पेमेट्रेक्झेड आणि सोबत सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन देतात. नुसत्या सिस्प्लॅटिनपेक्षा ही जोडी चांगली हे २००३ मध्ये दिसलं, मधलं आयुष्य ९.३ च्या जागी १२.१ महिने. यात फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आणि बी१२ चं इंजेक्शन केमोच्या आधी किमान आठवडाभर चालू करावं लागतं, ते चुकवू नका, त्यानं त्रास खूप कमी होतो. इम्युनोथेरपीत, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांत, निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब अशी जोडी आहे, २०२१ मध्ये छापलेल्या चाचणीत केमोच्या १४.१ महिन्यांच्या समोर १८.१ आले. पण खरा मोठा फायदा या आजाराच्या सार्कोमॅटॉइड आणि मिश्र या दुसऱ्या टाइपना होता, आण्णांच्या एपिथेलिऑइडमध्ये फरक थोडा, १६.५ आणि १८.७. खर्च मात्र लाखांत जातो. शेतजमीन विकायचा विचार मनात येण्याआधी हे आकडे घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर बसा.

कोरेगावकर:
ताई, माझे सासरे मुंबईला गोदीत बोटींच्या इंजिनरूममध्ये लॅगिंगचं काम करायचे, रिटायर झाल्यावर कोरेगावला आले आणि मग हेच झालं. डॉक्टरसाहेबांनी औषधाचं लिहिलंय, मी घरातलं लिहितो.

आम्हाला सगळ्यात जास्त दमवलं ते पाण्यानं. भरलं की धाप, धाप लागली की साताऱ्याला पळायचं, सुई टोचायची, परत भरायचं. शेवटी एका डॉक्टरांनी छातीत बारीक नळी कायमची बसवली, घरीच बाटली लावून पाणी काढायचं. बायको शिकली ते, हात स्वच्छ धुवून, ग्लोव्हज घालून. त्यानंतर ते अंगणात येऊन बसायला लागले, रात्री आडवं होऊन झोपायला लागले. त्याच्याआधी उशांच्या ढिगाला टेकून बसून रात्र काढायचे. काहींना छातीत टाल्क पावडर टाकून दोन्ही पडदे चिकटवतात, म्हणजे पाण्याला जागाच राहत नाही. यातलं काय बसतंय ते लवकर विचारा, आम्ही केमोच्याच विचारात होतो आणि माणूस धापेनं बेजार. दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या तर घाबरू नका, सवय लागंल म्हणून नातेवाईक नको म्हणतात, त्यांचं ऐकू नका.

सांगायचं का विचारलंत. आम्ही सांगितलं नव्हतं, घरात सगळे कुजबुजायचे आणि ते आमच्या तोंडाकडं बघत बसायचे. मग त्यांनी स्वतःच केमोच्या खोलीत सिस्टरला विचारलं. घरी येऊन म्हणाले, मला ठाऊक झालंय, आता बँकेचं आणि वाटणीचं बसून बोलूया. मला तरी वाटतं सांगावं, एकदम सगळं नाही, ते विचारतील तेवढं आणि खरं. बॉयलरवर आयुष्य काढलेला माणूस तुम्हाला वाटतो त्यापेक्षा घट्ट असतो. पुढचा गणपती आणि त्यानंतरची दिवाळी त्यांनी घरात सगळ्यांबरोबर काढली.

वारणाकाठची:
दोघांचे लई आभार. दादा, नळीचं आम्हाला कुणी बोललंच नव्हतं, उद्याच विचारते. आण्णांना सांगायचं भाऊ आणि मी मिळून ठरवतोय, आई नको म्हणतेय. अजून एक, कारखान्याकडून काही भरपाई मिळते का? आण्णा म्हणतात कशाला, पगार दिला की त्यांनी. पण त्यांच्याबरोबरचे आणखी लोक आहेत गावात, त्यातले दोघंतिघं खोकतच असतात.

युनियनवाला_सांगली:
ताई, मिळू शकते, आणि आण्णांना सांगा की ही भीक नव्हे. नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायामुळं होणाऱ्या रोगांची यादी आहे, त्यात अ‍ॅसबेस्टॉसमुळं होणारा फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा नावानिशी आहेत. साखर कारखाना हंगामी धरला जातो म्हणून ईएसआय (कामगार विमा योजना) लागू नसते, त्यामुळं दावा भरपाईच्या कायद्याखाली, आणि त्याला मुदत असते, तेव्हा कामगार कायद्याच्या वकिलाला लवकर भेटा.

लागतं काय, तर बॉयलर हाऊसला कामाला होते याचा पुरावा. नेमणूकपत्र, पीएफचा उतारा, पगाराच्या स्लिपा, डिपार्टमेंट लिहिलेलं ओळखपत्र, जुना ग्रुप फोटो असला तर तोही. आणि बरोबरच्या दोन-तीन कामगारांचे जबाब आत्ताच लिहून घ्या, सगळे वयस्कर आहेत. आण्णांचाही, त्यांच्या शब्दांत, कुठल्या साली काय काम, कुठली पावडर, किती लोक. हॉस्पिटलच्या केस पेपरवर 'बॉयलर फिटर, अ‍ॅसबेस्टॉस लॅगिंग' असं लिहून घ्या. नुसतं 'रिटायर्ड' किंवा 'शेती' लिहिलं असलं तर दाव्यात जड जातं. आपल्याकडं हा आजार सरकारी आकड्यांत दिसतच नाही याचं मोठं कारण माझ्या मते हेच, धंदा विचारायचाच नाही.

१९९५ साली सुप्रीम कोर्टानं अ‍ॅसबेस्टॉस कारखान्यांना सांगितलं होतं की कामगाराची आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा रिटायर झाल्यापासून १५ वर्षं, जे नंतर येईल तोवर ठेवायची. तो निकाल अ‍ॅसबेस्टॉस बनवणाऱ्यांबद्दल होता, ते वापरणाऱ्या साखर कारखान्यांची, गोदीची, पॉवर हाऊसची माणसं बाजूलाच राहिली. ब्रिटननं १९९९ ला बंदी घातली, युरोपियन युनियननं २००५ ला, आपण नव्या खाणी बंद केल्या पण माल बाहेरून आणतोच आहोत, पत्रे अजून विकले जातायत. मला याचा संताप येतो. खोकणाऱ्या त्या कामगारांना पण छातीच्या डॉक्टरकडं घेऊन जा ताई.

अंकलीकर:
हे वाचून पोटात गोळा आला. आमच्या गोठ्यावर सिमेंटचे पत्रे आहेत, २०१९ च्या महापुरात निम्मे फुटले, तुकडे करून आम्ही वाटेवरच्या खड्ड्यात टाकलेत. राहिलेले यंदा काढायचेत. गोठ्यात झोपतो आम्ही कधी कधी, काय करू?

डॉ_मिरज:
घाबरू नका. पत्र्यात अ‍ॅसबेस्टॉस साधारण दहा टक्के असतं आणि ते सिमेंटमध्ये बांधलेलं असतं, अख्खा पत्रा डोक्यावर आहे म्हणून आण्णांच्या कामाशी त्याची तुलना होत नाही. धोका फोडताना, ग्राइंडरनं कापताना, भोक पाडताना, ब्रशनं घासताना. काढताना पाणी मारून ओले करा, बोल्ट खोलून अख्खे उतरवा, वरून खाली टाकू नका, कटर अजिबात लावू नका. रुमाल किंवा साधा मास्क काही अडवत नाही, बारीक धूळ अडवणारा फिल्टरचा मास्क घ्या. पोरं आणि जनावरं लांब ठेवा, खाली पडलेलं कोरडं झाडू नका, ओल्या फडक्यानं गोळा करून जाड प्लास्टिकमध्ये बांधा. अंगावरचे कपडे घरात न नेता तिथंच वेगळे भिजवा. वाटेतल्या तुकड्यांवरून गाड्या जाऊन त्यांचा भुगा होत असणार, ते ओले करून उचला आणि टाकायचं कुठं ते ग्रामपंचायतीला लेखी विचारा.

वारणाकाठच्या ताई, नळी बसवायची ठरली तर त्याआधी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का ते डॉक्टरांना सांगा. आणि महात्मा फुले योजनेत केमो बसते का ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडून पहिल्याच दिवशी समजून घ्या, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

वारणाकाठची:
गोळी चालू आहे सर, बीपीच्या डॉक्टरांनी दिलेली, बरं झालं सांगितलंत. काल केस पेपरवर धंदा लिहून घेतला, सिस्टरनी आधी 'शेती' लिहिलेलं होतं. आण्णा स्वतः सांगत होते त्यांना, कुठला बॉयलर, कुठली पावडर, सगळं. भाऊ वकिलाची वेळ घेतोय. खोकणाऱ्यांपैकी एका काकांना सोमवारी आमच्याच गाडीतून मिरजेला आणतोय.