दुहेरीतला तिसरा सेट

'टेनिसच्या महिला दुहेरीत तिसरा सेट हवाच कशाला, दहा गुणांचा टायब्रेक (आधी दहा गुण करेल ती जोडी जिंकली, फक्त दोनची आघाडी हवी) पुरे' असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. डब्ल्यूटीएच्या, म्हणजे महिला टेनिस संघटनेच्या, नेहमीच्या स्पर्धांत तसंच असतं, आणि ड्यूसला (४०-४० बरोबरी झाली की) एकच निर्णायक गुण. तो कोर्टाच्या डाव्या बाजूने खेळायचा की उजव्या हे सर्व्हिस परतवणारी जोडी ठरवते. पण विम्बल्डनसारख्या चार मोठ्या ग्रँड स्लॅम स्पर्धांना महिला दुहेरीत तिसरा सेट पूर्ण खेळतात, आणि तो तसाच राहू दे.

२०१५ ची विम्बल्डन फायनल आठवा. सानिया मिर्झा आणि स्वित्झर्लंडची मार्टिना हिंगिस विरुद्ध रशियाच्या माकारोव्हा-व्हेस्निना, तिसऱ्या सेटमध्ये आपल्या पोरी २-५ मागे. फोंड्यात आमच्याकडे बाहेर धो धो पाऊस, वीज दोनदा जाऊन आलेली, आई म्हणाली, "बंद कर गो आता, हरल्या त्या." ५-५ झाल्यावर अंधारामुळे खेळ थांबला, सेंटर कोर्टचं छप्पर मिटलं, दिवे लागले. तेवढ्यात आईनेच चहा टाकला, मध्यरात्र उलटल्यावर! पुढचे दोन्ही गेम घेऊन सानिया-हिंगिस जिंकल्या, ५-७, ७-६, ७-५. दहा गुणांच्या टायब्रेकात २-५ गुणांवरून वर येणं तसं रोजचंच. तीन गेमची पिछाडी भरून काढायला वेळ लागतो, आणि बघायचं असतं ते तेच.