कुंबेंगोला ठेका म्हणावे का?

प्रश्न: पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियातील ब्रिकामा गावी वंशपरंपरेने गाणाऱ्या-वाजवणाऱ्या एका जाली घराण्यात काही आठवडे राहून मी कोरा शिकले आणि परवानगी घेऊन गुरुजींच्या वादनाचे ध्वनिमुद्रणही केले. आता त्यासोबतची मराठी टिपणे लिहिताना अडले आहे. या २१ तारांच्या वाद्यावर सतत फिरत राहणाऱ्या स्वराकृतीला मांडिंका भाषेत कुंबेंगो म्हणतात आणि तिच्यावरून मध्येच झरझर उतरणाऱ्या स्वरावलीला बिरिमिंतिंगो. दुसऱ्यासाठी मी ‘तान’ लिहिले, पहिल्यासाठी ‘ठेका’. तबला वाजवणाऱ्या मैत्रिणीने ‘ठेका’ खोडला.

प्रतिसाद १: तिने योग्यच केले. ठेका बोलांचा असतो. एकल तबल्याला पेटीवर किंवा सारंगीवर जो लेहरा, म्हणजे फिरून फिरून तीच धून, धरतात, तो कुंबेंगोच्या अधिक जवळचा आहे.

प्रश्नकर्ती: परंतु लेहरा धरणारा वेगळा असतो. येथे एकाच माणसाचे दोन अंगठे आणि दोन तर्जन्या सगळे सांभाळतात. पहिल्या दिवशी मी फोन पुढे ठेवताच गुरुजींनी तो उचलून पालथा घातला, माझा डावा अंगठा धरून खर्जाच्या तारेवर टेकवला आणि कुंबेंगो हातात बसेपर्यंत ध्वनिमुद्रण करू दिले नाही. तो बसल्यावर त्यांनी स्वतःच फोन मागून घेतला. ‘हातात बसणे’ हा आपला शब्दप्रयोग मला तेथे पुरता कळला.

प्रतिसाद २: ‘तान’सुद्धा तपासावी, सतारीवर आपण ‘तोडा’ म्हणतो. माझ्या मते कुंबेंगो हा शब्द तसाच ठेवून एकदा नीट समजावून द्यावा. उसन्या शब्दाने वाचकाच्या कानात चुकीचा नाद घुमतो.

प्रतिसाद ३: मग जालीला काय म्हणणार? सरळ ‘भाट’ लिहावे.

प्रश्नकर्ती: ‘भाट’ मला अजिबात मान्य नाही. ‘भाटगिरी’ने त्या शब्दाला खुशामतीचा वास लागला आहे. जाली घराण्यांच्या वंशावळी मुखोद्गत ठेवतो, बारशा-लग्नाला गातो, तंट्यात मध्यस्थी करतो. गिनीतील नियागासोला येथे कुयाते या जाली घराण्याने सोसो-बाला हा बालाफोन (लाकडी पट्ट्यांवर वाजवायचे वाद्य) पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे आणि २००१ मध्ये युनेस्कोने त्या परंपरेचा गौरव केला. एवढा विश्वास ज्याच्यावर टाकला जातो, त्याला भाट कसे म्हणावे?

प्रतिसाद ४: आमच्या कोल्हापूर-बेळगाव भागात हेळवी येत असत. आजोबांच्या अंगणात बैलावरून आलेल्या हेळव्याने आमच्या सात पिढ्यांची नावे न अडखळता म्हटलेली मी ऐकली आहेत. आजोबा तोवर उभेच होते. जालीसाठी हाच शब्द मला जवळचा वाटतो.

प्रतिसाद २: हेळवी वंशावळ राखतो, पण कोरा वाजवत नाही. गोंधळी वाजवतो, पण त्याचे गाणे देवीच्या विधीशी बांधलेले असते. जाली हा जालीच राहू द्यावा.

प्रतिसाद १: आणि वाद्याचे सामान्यरूप कसे करणार? ‘कोऱ्यावर वाजवले’ लिहिले, तर वाचकाला कोरा कागद आठवेल. मी ‘कोरावर’ लिहीन.

प्रतिसाद ४: मराठीत आकारान्त पुल्लिंगी नाम आले की त्याचे सामान्यरूप बहुधा होतेच. तंबोऱ्यावर, तर कोऱ्यावरही. दोघांचाही भोपळाच असतो. तेथे तो अर्धा कापून त्यावर गाईचे कातडे ताणतात, एवढाच फरक.

प्रश्नकर्ती: ‘कोऱ्यावर’ हेच ठेवते, कारण बोलताना माझ्या तोंडी तेच येते. आता आणखी एक अडचण आहे. गुरुजींच्या कोऱ्याला मासेमारीचा नायलॉनचा दोरा लावलेला होता, कमीअधिक जाडीचा. त्याला मी ‘तार’ म्हटले आहे. धातू नसताना ते चालेल का, की आतड्याच्या तारेसाठी असलेला ‘तात’ हा जुना शब्द घ्यावा?