गडद निळ्या गाडीवर जाळी पडली आहे, घरी मशीन पॉलिश करायचंय. कंपाउंड, पॅड, वॅक्स कोणतं घेऊ? (सांगली)

कृष्णाकाठ :

वडिलांची 2017 ची बलेनो आहे, गडद निळी. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. 61 हजार किलोमीटर झालेत, इंजिन ठणठणीत आहे. पण रात्री पेट्रोल पंपाच्या लाइटखाली उभी केली की बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसतात. गेल्या दिवाळीत एका वॉशिंग सेंटरमध्ये रबिंग-पॉलिश करून घेतलं. घरी आणली तेव्हा आरशासारखी दिसत होती. तीनदा धुतल्यावर जुने चरे परत दिसायला लागले, शिवाय उन्हात तिरकं बघितलं की मशीनचे लांब पट्टे दिसतात. हे पट्टे आधी नव्हते.

आता स्वतःच शिकून करायचं ठरवलंय. मशीनसकट 15 हजारांपर्यंत जाईन. दुकानात गेलो तर पाच रंगांचे पॅड, दहा बाटल्या, आणि दुकानदार म्हणतो सगळंच चांगलं आहे. कोणत्या बाटलीबरोबर कोणता पॅड? वॅक्स लावू की सिरॅमिक कोटिंग? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे आणि साखर कारखाना जवळ, त्यामुळे हंगामात रोज सकाळी गाडीवर काजळी असते. हेही लक्षात घेऊन सांगा.

अजिंक्यतारा :

साताऱ्याहून लिहितोय. सात-आठ वर्षं घरच्या आणि मित्रांच्या गाड्या करतोय.

चरे परत आले नाहीत, ते गेलेच नव्हते. बऱ्याच पॉलिशमध्ये तेलं आणि चरे बुजवणारी भरणी असते. ती चऱ्यांत बसते, चकाकी येते आणि शांपूने धुतली की निघून जाते. लांब पट्टे रोटरी मशीनचे (ज्यात पॅड नुसता गोल फिरतो) आहेत, त्याला होलोग्राम म्हणतात. जाड पॅडने कापलं, म्हणजे थर घासून काढला, आणि नंतर फिनिशिंगचा हात दिलाच नाही, की असं होतं.

खरेदीआधी एक गोष्ट मनात पक्की करा. गाडीवरचा सगळा रंग, म्हणजे खालचा प्रायमर, मधला रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून, साधारण 100 ते 140 मायक्रॉन असतो. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास. त्यात वरचा पारदर्शक थर 40-50 चाच, आणि उन्हापासून रंगाला तोच वाचवतो. पॉलिश करणं म्हणजे हा थर चऱ्याच्या तळापर्यंत घासून सपाट करणं. गेलेला थर परत येत नाही. म्हणून बाटली आणि पॅडच्या सगळ्यात सौम्य जोडीने सुरुवात करायची आणि तिने भागलं नाही तरच एक पायरी वर जायचं.

मशीन ड्युअल अ‍ॅक्शन घ्या, रोटरी नको. ड्युअल अ‍ॅक्शनचा पॅड फिरतोही आणि डोलतोही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. जास्त दाबलं तर फिरणं थांबतं, रंग जळत नाही. पॅडमागच्या प्लेटवर मार्करने एक रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसतेय तोवर दाब बरोबर आहे. रुपेस कंपनीची 15 किंवा 21 मिलिमीटर डोलाची मशीन सुरेख आहेत पण तुमच्या बजेटबाहेर जातील. 8 मिलिमीटरचं साधं मशीन आणि 5 इंची प्लेट घेतली तरी बलेनोएवढ्या गाडीला पुरतं, वेळ जास्त लागतो एवढंच.

वाचवलेले पैसे पॅडवर घाला. नवे लोक बाटलीवर खर्च करतात आणि पॅड दोनच घेतात, तिथेच काम बिघडतं. एकच पॉलिश कडक फोमवर कापतं आणि मऊ फोमवर नुसती चकाकी देतं. कापणारे निदान तीन आणि फिनिशिंगचे दोन हवेत, कारण पॅड भरला, ओला झाला की कापायचा थांबतो आणि तापतो. दर भागानंतर ब्रशने झाडायचा. एका पॅडवर दोन वेगळी रसायनं कधीच लावायची नाहीत. आणि रंगावर विसंबू नका: लेक कंट्री कंपनीचा पिवळा पॅड कापणारा असतो, रुपेसचा पिवळा मात्र बारीक कामाचा. पाकिटावर काय लिहिलंय तेच खरं.

बाटल्या दोनच. कापायला मेग्वायर्सचं अल्टिमेट कंपाउंड, फिनिशला त्यांचंच एम 205. एम 205 मधले कण घासताना फुटून बारीक होत नाहीत, त्यामुळे नवशिक्याला सोपं जातं. मेन्झर्ना कंपनीचं घेतलंत तर 400 जोरात कापतं, 2500 मधलं, 3500 आणि 3800 फिनिशचे. आकडा वाढतो तसं सौम्य. त्यातले कण घासताना फुटत जातात, म्हणून प्रत्येक भाग शेवटपर्यंत नेटाने घासावा लागतो. अर्ध्यात सोडलं तर धूसर राहतं. 400 ला तुम्ही हात लावू नये असं माझं मत.

मिरज_पेंटिंगवाला :

मी डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यातला. वरच्या भाऊंनी सांगितलं ते बरोबर आहे, फक्त रोटरीला एवढं वाईट म्हणू नका. नव्या लॅकरवरची (म्हणजे त्याच पारदर्शक थरावरची) माती, पाण्याच्या पेपरचे 2000 नंबरचे ओरखडे, हे लोकरीच्या पॅडने रोटरीवर जेवढ्या लवकर निघतं तेवढं दुसऱ्या कशानं निघत नाही. पण तो हात बसायला वर्षं लागतात, आणि शिकायचं ते भंगारातल्या बॉनेटवर, घरच्या गाडीवर नाही.

दोन धोक्याच्या जागा सांगतो. एक, कडा. बॉनेटची धार, दरवाजाची घडी, तिथं लॅकर पातळ असतं. मास्किंग टेप मारूनच काम करा. दुसरी, बंपर. पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक पसरवत नाही, बघता बघता रंग उचलला जातो. तिथं स्पीड कमी, हात हलका.

गाडी कुठे रिपेंट झालीय का ते आधी रंगाची जाडी मोजून बघा. कंपनीच्या रंगाचं रीडिंग 100-150 मायक्रॉनमध्ये असतं. 200 च्या वर गेलं की परत रंग मारलेला, पुट्टी असली तर त्याहून कितीतरी वर. माझ्याकडे मीटर आहे, मिरजेला आलात तर पाच मिनिटांत मोजून देतो. प्लास्टिक बंपरवर तो चालत नाही.

विश्रामबाग :

पॉलिशबद्दल मला वरच्या दोघांएवढं कळत नाही, पण काजळी आणि पाण्याबद्दल बोलायलाच हवं. सांगलीत चरे पडतात ते तिथूनच.

कारखान्याच्या चिमणीतून येते ती बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची राख. तिच्यात सिलिका भरपूर असते, म्हणजे बारीक वाळूच. शेतात पाचट जाळलं की काळ्या पापड्या येऊन पडतात त्या वेगळ्या, त्या बोटाने फिस्कटतात. आपण काय करतो? सकाळी ऑफिसला निघताना सुकं फडकं घेतो आणि फटाफट पुसतो. मीही चार वर्षं तेच केलं. ते पुसणं म्हणजे गाडीला पॉलिश पेपर मारणं आहे. पंख्याच्या पिसांसारखे अर्धगोल चरे दिसतात ना, ते हाताच्या वळणाचेच. आता मी हंगामात, म्हणजे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, सुकं फडकं गाडीत ठेवतच नाही. आधी नुसत्या पाण्याचा झोत, मग शांपूचा फेस, मग दोन बादल्या: एक शांपूची, दुसरी हातमोजा खळबळायची. पुसायला जाड मायक्रोफायबर, तेही दाबून टिपायचं.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग म्हणजे क्षार. कालव्याच्या पट्ट्यात जमिनीच खारवल्यात, तर बोअरचं पाणी कुठून गोड येणार. उन्हात गाडी धुऊ नका, थेंब वाळला की डाग बसलाच. काही जण आरओचं सोडलेलं पाणी साठवून गाडीला वापरतात, त्यात तर क्षार आणखी जास्त असतात. ताजे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं करून लावा, मिनिटभराने धुऊन टाका. त्यानेही न गेलेले डाग रंगात खड्डा करून बसलेले असतात, ते पॉलिशनेच निघतात.

कृष्णाकाठ :

तिघांचेही मनापासून आभार. सुकं फडकं आजच डिकीतून काढून टाकलं. वडिलांना वाचून दाखवलं तर म्हणाले, मी तर रोज पुसायचो. त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हटलं, तुम्ही पुसली म्हणून गंजली तरी नाही.

मशीन आणि पाच पॅड आले. रविवारी सकाळी सहाला पोर्चमध्ये सुरुवात केली. धुतली, आयर्न रिमूव्हर (रंगात रुतलेले लोखंडाचे कण विरघळवणारा) मारला तर चाकांच्या वर जांभळे ओघळ आले. मग शांपूच्या पाण्यात क्ले बार (चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ वडी) फिरवला. बॉनेटवर टेपने दोन बाय दोन फुटांचा चौकोन आखला. एम 205 आणि मऊ पॅड: चकाकी आली, चरे जवळजवळ तसेच. एम 205 आणि मध्यम पॅड: थोडे कमी. अल्टिमेट कंपाउंड आणि मध्यम पॅड: जाळी गेली, चार-पाच खोल रेघा राहिल्या. त्यांच्यात नख अडकतं. अजून कडक पॅड लावू का? आणि दुसऱ्या भागात कंपाउंड पावडरीसारखं उडायला लागलं, ते का?

अजिंक्यतारा :

नख अडकतं त्या रेघा तशाच राहू द्या. त्या काढायच्या म्हणजे आजूबाजूचा सगळा थर तेवढा खाली न्यायचा. तुम्हाला जोडी सापडली आहे, आता तीच सगळ्या गाडीवर.

पावडर उडतेय म्हणजे एकतर पत्रा तापलाय किंवा कंपाउंड जास्त झालंय. पहिल्यांदा पॅडला सगळीकडे पातळ हात फिरवायचा, नंतर दर भागाला वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके पुरतात. हात सावकाश, सेकंदाला इंचभर. आडव्या-उभ्या मिळून चार ते सहा फेऱ्या, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढलेली. सांगलीच्या एप्रिलमध्ये नऊनंतर मशीन बंद ठेवा.

कंपाउंडनंतर प्रत्येक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, एक भाग अल्कोहोल आणि चार भाग पाणी. तेल निघून जातं आणि चरे खरोखर गेलेत की नुसते झाकलेत ते टॉर्चखाली कळतं. वॉशिंग सेंटरमध्ये तुम्हाला हेच कुणी दाखवलं नव्हतं. मग एम 205 आणि मऊ पॅड, सगळ्या गाडीवर एक हात.

आता वॅक्स. सिरॅमिक मी तुम्हाला सुचवणार नाही. त्यावर पाण्याचे गोल टपोरे थेंब उभे राहतात, दिसायला छान, पण बोअरच्या पाण्यात तेच थेंब जागच्या जागी वाळून डाग सोडतात. पॉलिमर सीलंट (मेणाऐवजी कृत्रिम संरक्षक थर) लावा, चार-सहा महिने धरतं. त्यावर हौस असेल तर कार्नोबा. ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. 82 अंशांच्या वर वितळतं, म्हणून उन्हात ओघळत नाही, आणि गडद निळ्यावर त्याची जी ओली खोली येते ती सीलंटला येत नाही. पण टिकतं महिना-दीड महिना. साताऱ्याच्या पावसात तर मी जूनमध्ये लावलेलं जुलैत शोधतो. कॉलिनाइट 845 वॅक्स दोन्हींच्या मधलं आहे, मी स्वतः तेच वापरतो. कोणतंही असो, थर पातळ हवा आणि काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नका, पांढरं पडतं.

कृष्णाकाठ :

मिरजेला जाऊन मोजून आलो. बॉनेट 106 ते 114, दरवाजे साधारण तेवढेच. डावा मागचा दरवाजा 235. वडिलांना आठवलं, 2019 मध्ये ट्रॉलीने घासला होता. पण छताच्या पुढच्या कडेला हातभर पट्ट्यात 78 ते 82 दाखवतंय, आणि होलोग्रामही तिथेच सगळ्यात जास्त आहेत.

मिरज_पेंटिंगवाला :

दरवाजाची चिंता नको. फक्त बाहेर मारलेलं लॅकर कंपनीच्या लॅकरपेक्षा मऊ असू शकतं, तिथं वेगळा चौकोन आखून एम 205 पासून बघा. छताच्या कडेला मात्र मशीन टेकवायचंच नाही, फिनिशिंग पॅडसुद्धा नाही. बॉनेट-दरवाजांपेक्षा तिथं 30 मायक्रॉन कमी आहे, म्हणजे बहुतेक लॅकर रबिंगमध्येच गेलंय. टेप मारून तो पट्टा सोडा, हाताने सीलंट लावा, दर तीन महिन्यांनी परत लावा, आणि शक्य असेल तेव्हा गाडी सावलीत तोंड करून उभी करा. रंग फिका पडायला लागला तर माझ्याकडे या, तेवढा भाग बघू.