स्वस्त ॲनालॉग डिले 'खेळणं' कसा काय?

सहावी तार
काल इथे गिटारच्या डिलेबद्दल, म्हणजे सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलबद्दल, कोणीतरी ठणकावून लिहिलंय, "दोन-तीन हजारांचा ॲनालॉग डिले म्हणजे खेळणं. स्टेजवर आवाज गढूळ होतो, रेकॉर्डिंगला तर कॉम्प्युटरमधला प्लगइनच हवा." वाचून राहवलं नाही. चार वर्षं मी प्लास्टिकच्या डब्यातला, ३०० मिलिसेकंदांचा डिले वाजवतोय. ज्याला गढूळ म्हणता, त्यासाठीच तो घ्यायचा असतो! त्याच्या आतल्या बकेट ब्रिगेड चिपमध्ये सिग्नल एका कपॅसिटरमधून पुढच्यात ओतला जातो, आग विझवताना हातोहात बादल्या द्याव्यात तसा. ४०९६ टप्प्यांतून ३०० मिलिसेकंद काढायचे तर क्लॉक, म्हणजे बादल्या पुढे सरकवायचा ठेका, सातेक किलोहर्ट्झवर येतं. त्याची शिट्टी दाबायला वरचा आवाज कापावाच लागतो. म्हणून रिपीट मऊ, काळसर येतात आणि गायिकेच्या शब्दांवर चढत नाहीत.

कोरडा ट्रॅक
ते मीच लिहिलंय आणि मागे घेणार नाही. मिनिटाला १२० ठोक्यांना (बीपीएम) डॉटेड एट्थ, म्हणजे पाऊण ठोका, ३७५ मिलिसेकंद होतो. तुमच्या डब्यात तो बसतच नाही. ठोके देऊन लय जुळवायचा टॅप टेम्पो नाही. ढोलकीवाल्याने लय चढवली की वाजवता वाजवता वाकून नॉब फिरवणार? आणि रेकॉर्डिंगचं ऐका. एका जिंगलला मी पेडलसकट गिटार दिली. दुसऱ्या दिवशी टेम्पो ९६ चा १०० झाला. रिपीट ट्रॅकमध्येच छापलेले, सगळं पुन्हा वाजवावं लागलं. रात्रीचे दोन वाजले.

सहावी तार
३७५ हवेत कोणाला? मी १०० ते १४० मिलिसेकंदांत स्लॅपबॅक, म्हणजे झटपट येणारा एखादाच प्रतिध्वनी, लावतो, तिथे लय जुळवायचा प्रश्नच येत नाही. आणि छापायला सांगितलं कोणी? डीआय बॉक्समधून गिटारचा कोरडा, इफेक्ट नसलेला सिग्नल वेगळ्या ट्रॅकवर घ्या, टेम्पो पक्का झाला की रीॲम्प बॉक्समधून, म्हणजे लेव्हल गिटारइतकी खाली आणणाऱ्या डब्यातून, पेडलमध्ये सोडा. रेकॉर्डिंग इंटरफेसची जोरदार लाइन लेव्हल थेट दिली तर फाटणारच, मग लोक पेडलला नावं ठेवतात.

नाशिकचा बोर्ड
डिले राहू द्या, आधी हमचं, त्या सततच्या घुंई आवाजाचं, बोला. गणपतीत मंडपात सप्लाय कुठून मिळतो? लाइटवाल्याच्या बोर्डवरून. अर्थिंगचा पत्ता नाही. त्यात एका अडॅप्टरवर पाच पेडल साखळीने लावायचे, त्यातले दोन डिजिटल, आणि गुंईं आवाज आला की खापर बिचाऱ्या ॲनालॉगवर. मी डिलेत ९ व्होल्टची बॅटरी टाकली, शिट्टी गायब.

बेसवाला
आणि माझी बॅटरी ऐन शेवटच्या गाण्याला बसली. प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा आयसोलेटेड सप्लाय घ्यावा तर तो डिलेपेक्षा महाग. स्वस्त काय राहिलं मग?

नाशिकचा बोर्ड
सप्लाय सगळ्या पेडलबोर्डासाठी असतो, एकट्या डिलेच्या नावावर का टाकता? पण मुद्दा पैशाचा नाहीच. गेल्या वर्षी आमच्या गायकाच्या हातात गिटार होती, माइकला ओठ लागले आणि झटका बसून तो मागे कोसळला. वाचला. नंतर कळलं, हम घालवायला कोणीतरी ॲम्पच्या प्लगची अर्थची पिनच काढून टाकली होती. हात जोडून सांगतो, असं कधीही करू नका. टोनवर भांडण्याआधी मंडळाकडे इलेक्ट्रिशियन मागा, तो येऊन अर्थिंग तपासेपर्यंत जॅक लावू नका.

बेसवाला
मंडळं ऐकतात होय? "एवढं नाजूक असेल तर कराओके लावतो" म्हणाले होते आम्हाला.

नाशिकचा बोर्ड
मग वाजवू नका तिथे. मी दोन सुपाऱ्या सोडल्यात.

कोरडा ट्रॅक
अर्थिंगबाबत वाद नाही. स्लॅपबॅकचंही मानतो, नाइलाजाने. पण 'ॲनालॉग' म्हणून विकणाऱ्यांचं काय? मला असाच एक मिळाला. उघडला तर आत पीटी२३९९, म्हणजे आवाजाचे आकडे करून मेमरीत ठेवणारी डिजिटल चिप. वर बॉसच्या जुन्या ॲनालॉग डिले डीएम-२ सारखा गुलाबी रंग.

सहावी तार
ती फसवणूकच, तिथे मी तुमच्या बाजूने. आवाज वाईट नसतो तिचा, पण नाव खोटं लावू नये. संथ गाण्याला ३०० अपुरे पडतात हेही खरं, त्यासाठी मी एमएक्सआरच्या कार्बन कॉपी या ॲनालॉग डिलेचे ६०० मिलिसेकंद उसने आणतो. पण खेळणं हा शब्द मागे घ्या. माझा डबा शनिवारी पुन्हा स्टेजवर आहे, ऐकायला या.

कोरडा ट्रॅक
शब्द मागे घेतला. रेकॉर्डिंगचं मत तेच आहे. शनिवारी किती वाजता?