संगीत विशारदनंतर पुढे काय: एम.ए. व नेट-सेट, की बी.एड.?

प्रश्न (सातारा)
मी मराठी विषयातील पदवीधर असून गायनात विशारद (शास्त्रीय संगीताची वरच्या टप्प्याची परीक्षा) पूर्ण केले आहे. गेली चार वर्षे येथील एका खासगी शाळेत संगीत शिकवते. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एकच तास मिळतो आणि स्नेहसंमेलन जवळ आले की तोही समूहगीताच्या तालमीत जातो. पुढे महाविद्यालयात शिकवावे, जमल्यास संगीतशिक्षक तयार करण्याच्या कामात पडावे, अशी इच्छा आहे. एम.ए. करून नेट-सेट (महाविद्यालयात शिकवण्यासाठीच्या पात्रता परीक्षा) द्यावी, की आधी बी.एड. करावे?

उत्तर १ (मिरज, निवृत्त प्राध्यापक)
महाविद्यालयाचा विचार पक्का असेल तर बी.एड.मध्ये दोन वर्षे घालवू नका. सहायक प्राध्यापक पदासाठी एम.ए.ला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के गुण आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते. सेट राज्यापुरती चालते, नेट देशभर. पदवी मराठीची असल्यामुळे एम.ए. संगीतच्या प्रवेशासाठी तुमचे विशारद ग्राह्य धरतात का, हे त्या विद्यापीठाकडून लेखी घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका.

दुसऱ्या इच्छेबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो. गायक विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय हे संगीत विद्यालय काढले. त्यांचे शिष्य, मिरजेचेच विनायकराव पटवर्धन, यांनी १९३२ मध्ये पुण्यात तसेच विद्यालय सुरू केले. गाणे गुरूच्या घरातून वर्गात आणायचे तर शिकवण्याचा क्रम आणि स्वरलेखन आधी बसवावे लागते, हे या मंडळींनी ओळखले होते. आपल्याकडे विशारद झालेल्याला राग मांडता येतो; चाळीस मुलांसमोर पट्टी (गाण्याचा आधार 'सा') कोणती धरावी, हे त्याला सहसा कोणी शिकवलेले नसते. नववीच्या वर्गात मागच्या बाकावरची मुले तोंड मिटून बसतात, त्यातल्या काहींचा आवाज फुटत असतो. काळी चार या पेटीवरच्या पट्टीतला तार षड्ज (वरचा 'सा') त्यांना पेलत नाही. त्यांना खालच्या सप्तकात गाऊ द्यावे, नाहीतर तेवढे महिने हाताने ताल धरण्याचे, टाळी-खालीचे काम द्यावे. असे अनुभव तारखेसह वहीत टिपून ठेवा, पीएच.डी.चा विषय त्यातूनच निघेल.

उत्तर २ (सांगली)
सरांचे म्हणणे योग्यच आहे, पण पोटापाण्याचेही बोलायला हवे. मी सेट होऊन सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतो आहे. मानधन घेतलेल्या तासांवर ठरते, सुट्टीत ते शून्य होते आणि बिल महिनोन्महिने अडकते. संगीताच्या कायम जागा मुळातच मोजक्या असतात. त्यामुळे शाळेची नोकरी सोडू नका आणि घरचे क्लासही चालू ठेवा. नेटचा पहिला पेपर (५० प्रश्न, १०० गुण) अध्यापन व संशोधन अभियोग्यतेचा असतो. आम्ही गाणारी माणसे नेमकी तिथेच मार खातो, म्हणून तयारी त्याच्यापासून धरा.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. विद्यापीठाला या आठवड्यात पत्र पाठवते. नववीतली ती तीन मुले गात नाहीत, याला मी आजवर टिवल्याबावल्याच समजत होते आणि त्यावरून त्यांना दोनदा वर्गाबाहेर उभेही केले आहे. सोमवारच्या तासाला पेटी पांढरी एक या खालच्या पट्टीवर धरून बघते.