क्रायनम ब्रॅकिनेमाच्या हिरव्या बिया: वाळवू की लगेच लावू?

मातीवेडी:
रोपवाटिकेतून आणलेल्या क्रायनम ब्रॅकिनेमाला (कांद्यातून उगवणारी, पांढऱ्या फुलांची रानजात) जूनच्या सुरुवातीला फुलं आली, आता फळ फुटलंय. आत पाच बिया आहेत, हिरवट, ओबडधोबड, लहान-मोठ्या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाळवून ठेवू का? लावायच्या तर किती खोल? त्याच सुमारास शेजारच्या कुंडीत गडांबी कांदाही (क्रायनमचीच दुसरी जात) फुलला होता, त्याने काही बिघडतं का?

सड्यावरचा:
वाळवू नका, फ्रिजमध्येही नको. क्रायनमच्या बीला टणक साल नसते. तुम्हाला दिसतोय तो जवळजवळ सगळा भ्रूणपोष, म्हणजे कोंबासाठीचा अन्नसाठा, वरचा थर हिरवा आणि आत पाणी साठवलेलं. तिला सुप्तावस्था नाही. ओलावा गेला की बी मेली, आणि ओलावा आहे तोवर ती माती-पाण्याची वाट न बघता कपाटातसुद्धा रुजते. म्हणून या आठवड्यातच लावा.

कुंडी किमान २० ते २५ सेंमी खोल घ्या, पसरट ट्रे नको. दोन भाग धुतलेली जाडी वाळू, एक भाग माती, एक भाग चाळलेलं पानांचं खत. बी आडवी ठेवून अर्धीच दाबा, वरची बाजू उघडी राहू द्या. पुरलेली बी पावसाळ्यात हमखास कुजते. कुंडी पावसाच्या थेट माऱ्यात नको, सकाळचं ऊन पुरे. मूळ धरेपर्यंत मिश्रण नुसतं दमट ठेवा, पाण्याची सोय बीने स्वतःच केलेली असते.

बीतून निघणारी पांढरी नळी हे निव्वळ मूळ नव्हे. तो बीजपत्राचा, म्हणजे बीतल्या पहिल्या पानाचा, लांबलेला भाग आहे, कोवळा कोंब टोकाशी घेऊन तो जमिनीत उतरतो. तिथे टोक फुगतं, कांदा धरतो, आणि बाजूच्या बारीक चिरेतून पहिलं पान वर येतं. नळी तुटली तर बीतलं अन्न कांद्यापर्यंत पोचत नाही. रोज उकरून बघायचा मोह टाळाच.

परागवेडा:
गडांबी कांद्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे. क्रायनमच्या जातींचे संकर सहज होतात, तेव्हा या बियांना शुद्ध ब्रॅकिनेमा म्हणून कुणाला देऊ नका. पुढच्या वर्षी कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी परागकोश चिमट्याने काढा, मलमलची पिशवी बांधा आणि ब्रॅकिनेमाच्याच दुसऱ्या झाडाचे पराग कुक्षीला (स्त्रीकेसराच्या टोकाला) लावा. पिशवी फूल कोमेजेपर्यंत राहू द्या.

रोपं फुलली की पुंकेसर बघा. ब्रॅकिनेमात तंतू अगदी आखूड, परागकोश नळीच्या तोंडाशीच बसलेले, पाकळ्या शुभ्र. गडांबीत तंतू लांब, खाली झुकून टोकाशी वर वळलेले, आणि पाकळ्यांवर गुलाबी पट्टा. मधलं काही दिसलं तर संकर समजा. पानांवरून ठरवू नका.

वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हर्बर्टने १८४२ मध्ये नाव दिलेली ही जात पश्चिम घाटातल्या थोड्याच जागी, महाबळेश्वरसारख्या उंचीवर उरली आहे. बी सुप्त राहत नसल्यामुळे मातीत जुन्या बियांचा साठा नसतो. एका वर्षी फुलांचे दांडे खुडले की त्या वर्षीची पिढी गेलीच. रानातला कंद उपटणं तर त्याहून वाईट. म्हणून रोपवाटिकेला कंद कुठून आला हे विचाराच, आणि उत्तर टाळलं तर घेऊ नका.

मातीवेडी:
धन्यवाद. एक बी टेबलावरच रुजली आहे. नळी चारेक सेंमी लांब, टोक फुगलंय. आता?

सड्यावरचा:
बोटाने खड्डा करून ते फुगलेलं टोक खाली जाईल असं ठेवा, दीड-दोन सेंमी मातीआड. नळी वाकली तरी चालेल, मोडू नका. बी वरच राहू द्या आणि तोडू नका. ती सुरकुतून आपोआप गळेल.

कंदप्रेमी:
पुढचं थोडं. दिवाळीनंतर पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत न्या. कांदा मेला समजून पाणी वाढवणं हे कुजण्याचं नेहमीचं कारण. मोठा कंद मेपर्यंत कोरडा राहिला तरी चालतो. पहिल्या वर्षीच्या कांद्याला मात्र महिन्यातून दोनदा थोडं पाणी द्या, त्याच्यात साठा कमी असतो. कुंडी दोन वर्षं बदलू नका, मुळं दुखावली की वाढ अडते.

पावसाळ्यात दर दोन दिवसांनी पानं उजेडासमोर धरून बघा. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची अळी आधी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून गर खाते, तेवढा पट्टा पारदर्शक दिसतो. तो भाग तिथेच कापून नष्ट करा. उशीर झाला तर अळ्या पानाच्या बुडातून कांद्यात उतरतात, मग रोप वाचत नाही. निंबोळी तेल लिटरला ५ मिली, साबणाचे चार थेंब घालून, संध्याकाळी फवारा. पानात शिरलेल्या अळीपर्यंत मात्र ते नीट पोचत नाही, तिथे कात्रीच.