उन्हाळाभर उभी स्प्लेंडर, आता कार्बोरेटरखालून पेट्रोल टपकून राहिलं

महालकर_१००सीसी

गाडी २०१४ ची स्प्लेंडर प्लस, कार्बोरेटरवाली. फेब्रुवारीअखेरपासून पत्र्याच्या शेडखाली उभी होती, टाकीत अंदाजे ४ लिटर पेट्रोल. कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) चालूच राहून गेला होता. आता जूनच्या शेवटी काढली तर कार्बोरेटरच्या खाली जी बारीक नळी लोंबते, तिच्यातून दर दोन-तीन सेकंदाला थेंब पडतो. कॉक बंद केला की पाच-सात मिनिटांत थांबतं. सहाव्या-सातव्या किकला चालू होते, पण स्लोवर, म्हणजे रेस न देता, टिकत नाही, आणि सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास येतो.

मेकॅनिक म्हणतो, कार्बोरेटरच बदला, अडीच हजार. खरंच बदलावा लागेल, की घरी काही होऊ शकतं? पाने आहेत, पेचकस आहेत, हात चालतो.

दहाचा_पाना

बदलू नको भाऊ. त्या नळीतून पेट्रोल येणं म्हणजे बाउलमध्ये (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) पातळी वर चढून जास्तीचं बाहेर फेकलं जाणं. पातळी थांबवायचं काम फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ तुकडा) आणि नीडलचं (वाट बंद करणारी टोकदार सुई). पेट्रोल चढलं की फ्लोट वर उचलतो, नीडलला तिच्या सीटमध्ये दाबतो आणि वाट बंद होते. तुझी वाट बंद होत नाही, एवढंच झालं आहे.

काहून झालं तेही सांगतो. कॉक चालू राहिला की बाउलमधलं पेट्रोल उन्हाने उडतं, पातळी खाली जाते, नीडल उघडते, टाकीतून तेवढंच नवं येतं, तेही उडतं. पेट्रोल जातं, त्यातला चिकटा मागे राहतो. चार महिने, त्यात आपला नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) आणि पत्र्याची शेड! नीडलच्या टोकावर आणि पितळी सीटवर पिवळट-तपकिरी वार्निशसारखा थर बसतो, त्यावर नीडल नीट टेकत नाही.

पहिलं काम मात्र पानं-पेचकसाचं नाही. इंजिन ऑइल पाहा. डिपस्टिक काढ, पातळी वरच्या खुणेच्या वर गेली आहे का बघ, आणि वास घे. नळी कधी चिखलाने किंवा किड्याच्या घराने अर्धवट बंद असते, मग पेट्रोल इनटेकमधून सिलेंडरमध्ये आणि तिथून रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. असं ऑइल पाण्यासारखं पातळ होतं. त्यावर इंजिन चालवलं तर बेअरिंग आणि कॅम खरडतात, आणि मग अडीच हजार स्वस्त वाटतील. वास आला तर गळती काढून झाल्यावर ऑइल बदल, तोवर इंजिन लावू नको. किक जड लागली, मध्येच अडली, तर जोर लावू नको. प्लग काढ आणि हाताने हळू किक फिरव, आत साचलेलं बाहेर येईल. तेव्हा प्लगची वायर लांब बांधून ठेव.

जागा मोकळी हवी. अंगणात कूलर चालू असेल तर आधी त्याचं बटण बंद कर, मग टाकी उघड. ठिणगी बटणातच पडते. (पेट्रोलियम सुरक्षेचं देशाचं मुख्यालय आपल्या नागपुरात, सेमिनरी हिल्सवर, आणि आपण पेट्रोल काढतो बिसलेरीच्या बाटलीत. झाकणवाला डबा घे.)

आता कार्बोरेटर. कॉक बंद, पाइप काढ, बाउलचा ड्रेन स्क्रू ढिला करून आतलं डब्यात घे. एअर फिल्टरकडचा क्लॅम्प ढिला, इनटेकचे दोन बोल्ट काढले की बाहेर येतो. थ्रॉटलची केबल स्लाइडसकट (आत वर-खाली सरकणारा तुकडा) वर राहू दे, फक्त स्लाइडला लटकणारी लांब सुई वाकू देऊ नको. बाउलच्या स्क्रूंना घट्ट बसणारा पेचकसच लाव आणि सोडवण्याआधी मुठीवर दोन हलके टोले दे. डोकं एकदा गोल झालं की पुढचा अर्धा दिवस त्यातच जातो.

बाउल निघाला की फ्लोटची पिन. बारीक खिळ्याने एका बाजूने ढकल, ज्या बाजूने सहज सरकेल त्याच बाजूने. ठोकू नको, पिन धरणारे दोन खांब कच्च्या धातूचे असतात, एक तुटला की खरोखरच कार्बोरेटर गेला. फ्लोटसोबत नीडल लटकत येईल. तिचं टोक उजेडात धर. काळ्या रबरी सुळक्यावर गोल खाच उमटलेली दिसली तर धुण्यात अर्थ नाही, नवीन घे. दुकानात जुनी सोबत ने. लांबी, टोकाचा आकार आणि मागची बारीक स्प्रिंगवाली पिन तिन्ही जुळली पाहिजेत.

नीडल बदलून सीट तशीच ठेवणं ही नेहमीची चूक. या छोट्या कार्बोरेटरमध्ये सीट ठोकून बसवलेली असते, निघत नाही. कान साफ करायच्या कापूसकाडीला थोडं पितळ पॉलिश लावून सीटमध्ये वीस-पंचवीस वेळा फिरव, मग कोऱ्या काडीने पूस आणि कार्ब क्लीनर मारून स्वच्छ कर. हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू काढणार असशील तर आधी तो हलकेच पूर्ण आत फिरवून किती वळसे बसतात ते लिहून ठेव, बसवताना तेवढेच उलटे. पायलट जेटमध्ये (स्लोला पेट्रोल देणारं बारीक भोक) तार घालू नको, भोक मोठं झालं की ॲव्हरेज गेलं. फवारा आणि हवा पुरे. स्लोवर न टिकण्याचं कारण बहुधा तोच जेट.

फ्लोट हलवून ऐक, आत पेट्रोल खळखळतं का. शंका असेल तर पुसून, वाळवून, चटका बसेल इतक्या गरम पाण्यात दाबून धर. बुडबुडे निघाले तर फुटका. प्लॅस्टिकच्या फ्लोटला वाकवायची पट्टी नसते, त्यामुळे कोणी “लेव्हल सेट करून देतो” म्हणाला तर हात लावू देऊ नको.

जोडण्याआधी तपास: फ्लोट-नीडल बसवून कार्बोरेटर उलटा धर, पेट्रोल येण्याच्या नळीला स्वच्छ पाइप लावून तोंडाने फुंक. फ्लोटच्या वजनाने हवा पूर्ण अडली पाहिजे. फ्लोट बोटाने उचलला की सुटली पाहिजे. काम्प्रेसरची हवा इथे नको.

बर्डी_ते_बुटीबोरी

एवढं खोलण्याआधी पेचकसाच्या मुठीने बाउलला दोन-चार टिचक्या मारून पाहा ना भाऊ. अडकलेली नीडल सुटते, फुकटात काम.

दहाचा_पाना

सुटते. नीडलखाली कचऱ्याचा कण आला असेल तर पुरतंसुद्धा, रस्त्यात अडकल्यावर करायची गोष्ट आहे. पण चिकट्याचा थर टिचकीने जात नाही, चार दिवसांनी रात्री पुन्हा टपकेल आणि तेव्हा कोणी पाहत नसेल.

संत्रा_आणि_सायलेन्सर

दोन गोष्टी राहिल्या. बाउलची रबरी रिंग खोबणीतून काढली की फुगलेली असते आणि परत बसत नाही. ताणून कोंबली तर चिमटली जाते, आणि मग बाउलच्या सांध्यातून नवी गळती. दोन-तीन तास मोकळ्या हवेत ठेव, आकसते. खरं म्हणजे नवीनच टाक. कार्ब क्लीनर कोणत्याही रबरावर मारायचा नाही.

दुसरं, टाकीतलं पेट्रोल. सगळं काढ. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं. काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास ठेव. खाली वेगळा गढूळ थर दिसला तर काहीच वापरू नको. थर नसेल पण आंबट, रंगासारखा वास असेल तर पार्ट धुवायला ठेव. नालीत ओतू नको. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे पाइप-सील २० टक्क्यांना चालतील असे येतात, २०१४ च्या गाडीकडून ती अपेक्षा नको. पाइप दोन बोटांत वाकवून पाहा, टोकाला बारीक चिरा दिसल्या की बदल. पारदर्शक प्लॅस्टिकचा पाइप घेऊ नको, आपल्या उन्हात एका मोसमात काठीसारखा कडक होतो आणि नळीवरून निसटतो.

कॉकही पाहा. दांडीच्या मागून ओल असेल तर आतलं चार भोकांचं रबर, टाकीच्या सांध्यावर ओल असेल तर तिथली ओ-रिंग. मे महिन्यात झिरपणारं पेट्रोल थेंब व्हायच्या आत उडून जातं, फक्त तपकिरी डाग आणि वास उरतो. सगळं पुसून, सांध्यांवर टाल्कम पावडर मारून कॉक चालू कर आणि दहा मिनिटं थांब. पावडर जिथे सगळ्यात वर भिजली, गळती तिथे. थेंब कुठे पडतो त्यावर जाऊ नका राजेहो, तो सगळ्यात खालच्या टोकावरूनच पडणार.

वर्धारोड_बीएस६

माझी २०२१ ची आहे, टाकीखाली ओल दिसते. हेच करू का?

संत्रा_आणि_सायलेन्सर

अजिबात नाही. तुमच्या गाडीत कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. पाइपमध्ये साधारण ३ बार दाब असतो, टायरमधल्या हवेपेक्षा जास्त. पाइप सैल केला तर फवारा थेट गरम इंजिनावर. गळती बहुधा पंपाच्या सीलची किंवा पाइपच्या कनेक्टरची. साधा पाइप आणि क्लिप लावून जुगाड करू नका, चालू करू नका, सर्व्हिस सेंटरला न्या.

महालकर_१००सीसी

ऑइल ठीक निघालं, पातळी बरोबर, वास नाही. नीडलवर खाच होती, नवीन टाकली, सीट पॉलिश केली, फुंकून पाहिलं, हवा पक्की अडते. नवी रिंग, नवा पाइप, ताजं पेट्रोल २ लिटर. स्लो आता छान धरते. पण नळीतून अजून मिनिटाला एखादा थेंब येतोच. नीडल पुन्हा काढू?

दहाचा_पाना

नको, आता दोष नीडलचा नाही. आता फक्त बाउल काढ. आत मधोमध पितळेची एक बारीक उभी नळी दिसेल, तीच ओव्हरफ्लो. तिला उभी चीर गेली असेल तर पातळी बरोबर असूनही पेट्रोल आतून झिरपतं. आणि ड्रेन स्क्रूची वाटसुद्धा खाली त्याच नळीत उघडते, म्हणून बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

वेगळं असं करायचं: ड्रेन स्क्रू बंद ठेवून बाउल सपाट धर, खाली वर्तमानपत्र, आणि तळापासून फक्त ४-५ मिलिमीटर पेट्रोल ओत. पंधरा मिनिटं. एवढ्यातच कागद भिजला तर बहुधा ड्रेन स्क्रू. कोरडा राहिला तर पितळी नळीच्या टोकाच्या थोडं खालपर्यंत भर. आता भिजला तर नळीला चीर आहे. ती नीट डाग देणारा सापडला तर ठीक, नाही तर दुसरा बाउल.

महालकर_१००सीसी

४ मिलिमीटरवरच भिजला. स्क्रू काढला तर टोकाला आणि बाउलमधल्या त्याच्या जागेवर पांढरी भुकटी चिकटली आहे, मिठासारखी.

संत्रा_आणि_सायलेन्सर

ओल पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसते आणि तळाला असतो ड्रेन स्क्रू. ती भुकटी म्हणजे बाउलच्या धातूचा गंज. कापूसकाडीने आणि क्लीनरने जागा पूस, घासपेपर लावू नको. स्क्रूच्या टोकाला खड्डे असतील तर नवा स्क्रू घे, त्याची ओ-रिंग असेल तर तीही.

दहाचा_पाना

आणि बसवताना बोटांनी टेकेपर्यंत फिरव, मग पेचकसाने जेमतेम पाव वळसा. जास्त आवळला की बाउलचे आटे जातात. पुढच्या वेळी उभी करताना कॉक बंद कर आणि हाच स्क्रू सोडून बाउल रिकामा कर. टाकी गंजू नये म्हणून जवळजवळ भरून ठेवायची असेल तर गळ्यापर्यंत भरू नको. १० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं की सुमारे २०० मिली फुगतं, आणि टोपीचं हवेचं भोक बंद असेल तर तो सगळा दाब नीडलवर येतो.

महालकर_१००सीसी

स्क्रूच्या टोकाला खड्डे होते, नवा टाकला. कॉक चालू ठेवून दोन तास झाले, कागद कोरडा आहे. टोपीचं भोक सुईने मोकळं केलं, त्यातही माती होती.